सव्वीस की सतरा?

ऐकलंत का? टेक्सासवाल्या वहिनींनी काकूंशी बोलणं टाकलंय. समोरासमोर दारं, मधे तुळस आणि चपलांची मांडणी, आणि लिफ्टमध्ये भेटल्या की एक मजल्यांचे आकडे बघते, दुसरी फोन. तुम्ही जूनची सुट्टी म्हणून मुलांना घेऊन पुण्याला गेलात ना, त्याच महिन्यात झालं हे सगळं. या अशा कठड्याशी. कारण ऐकलंत तर हसाल. बेसबॉल!

नाही हो, इथला नाही. इथे सिंगापुरात बेसबॉल कोण खेळतंय! सॉफ्टबॉल मात्र शाळांमध्ये सीसीए, म्हणजे अभ्यासाबाहेरचा उपक्रम म्हणून असतो. सिंगापूरच्या पुरुषांच्या संघानं २०१९ च्या सी गेम्समध्ये फिलिपिन्सला त्यांच्याच घरी हरवून सॉफ्टबॉलचं सुवर्ण आणलं होतं. बाकी मोठ्या कॉन्डोतली अमेरिकन, जपानी आणि तैवानी कुटुंबं सोडली, तर बॅट म्हटलं की आपल्या मजल्यावर क्रिकेटचीच. हे भांडण आहे अमेरिकेतल्या कॉलेजांच्या बेसबॉलचं. वहिनींचा मुलगा ऑस्टिनला, टेक्सास विद्यापीठात एमएस करतोय. काकूंचा नातू, म्हणजे बहिणीचा नातू हो, ओरेगन स्टेटला, कॉर्वॅलिस नावाच्या गावात. दोन्ही पोरं संगणकासमोर बसणारी, मैदानावर उभी राहतात ती सेल्फीपुरती. पण घराण्याचा अभिमान काय, पोरगं ज्या दारात शिरलं त्या दाराचा.

काकूंना खेळ कळतो, हे मात्र मान्य करायला हवं. अमरावतीच्या, हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शारीरिक शिक्षण शिकलेल्या. सॉफ्टबॉल स्वतः खेळलेल्या. ओमाहातला संध्याकाळी सहाचा सामना आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी सातला लागतो. काकांना पोहे मिळायचे ते दोन इनिंगांच्या मधे. एक दिवस कांदा चिरता चिरता कोणीतरी होमरन मारला आणि काकूंनी सुरीसकट हात वर केले. काका तेव्हापासून स्वयंपाकघराच्या दारातूनच चहा मागतात.

तर एका सकाळी वहिनी कपडे वाळत घालायला बाहेर आल्या आणि सहज म्हणाल्या, ‘काकू, आमच्या कॉन्फरन्सची सव्वीस राष्ट्रीय विजेतेपदं आहेत म्हणे. तुमची किती?’

काकू म्हणाल्या, ‘आमची कॉन्फरन्सच उरली नाही बाप्पा. आणि तुमची सव्वीस नाहीत, सतरा आहेत.’

झालं. तिथून बोलणं बंद.

आता तुम्ही विचाराल, कॉन्फरन्स म्हणजे काय. वुडलँड्सची अमेरिकन स्कूल माहीत आहे ना? ती आणि जकार्ता, बँकॉक, क्वालालंपूर, मनिला, तैपेई इथल्या शाळा मिळून ‘आयासास’ नावाचा गट आहे. वर्षभर आपापसात खेळायचं, एकमेकांच्या गावी जायचं. तिकडे विद्यापीठांचे असेच गट आहेत, फक्त पैसा डोळे पांढरे करणारा. प्रत्येक गटाचा विजेता थेट राष्ट्रीय स्पर्धेत जातो आणि उरलेल्या जागांवर कोणाला घ्यायचं ते समिती ठरवते. एकूण ६४ संघ. आधी सोळा ठिकाणी चार-चार संघ भिडतात, दोनदा हरला तो घरी. मग सोळांचे आठ होतात, आणि ते आठ जातात नेब्रास्कातल्या ओमाहाला. तिथे ‘कॉलेज वर्ल्ड सिरीज’. वर्ल्ड वगैरे काही नाही, सगळा अमेरिकेचाच मामला, पण नाव मोठं ठेवायला कोणाचं काय जातं!

पहिली स्पर्धा १९४७ ची, मिशिगनमधल्या कॅलामाझू गावात झाली. कॅलिफोर्नियानं येलला हरवलं. येलकडून पहिल्या बेसवर कोण उभा होता, सांगा बघू? जॉर्ज बुश, थोरला. पुढे अध्यक्ष झाला तो. पुढच्या वर्षी तो कर्णधार होता आणि येल पुन्हा अंतिम फेरीत हरलं. १९५० पासून ही स्पर्धा ओमाहातच आहे. दुसरं काय आहे त्या गावात म्हणून विचारू नका, काकू रागावतात.

त्या काळी दबदबा होता पश्चिम किनाऱ्याचा. लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाची, यूएससीची, बारा विजेतेपदं आहेत, आणि तेवढी आजवर कुणालाच जमलेली नाहीत. त्यातली अकरा रॉड डेडो या एकाच प्रशिक्षकाच्या काळातली. या गृहस्थांचा मालवाहतुकीचा धंदा उत्तम चालायचा, म्हणून विद्यापीठाकडून वर्षाला एक डॉलर पगार घ्यायचे म्हणे. १९७० ते १९७४ सलग पाच वर्षं जिंकले. त्यातल्या १९७३ ची गोष्ट काकू अशी सांगतात की आपण सगळे तिथेच बसलो होतो असं वाटावं. उपांत्य सामना मिनेसोटाशी. मिनेसोटाचा पिचर डेव्ह विनफिल्ड, साडेसहा फूट उंच, त्याला बेसबॉल, बास्केटबॉल आणि फुटबॉल तिन्ही खेळांतल्या व्यावसायिक संघांनी निवडलं होतं. आठ इनिंगांपर्यंत त्यानं यूएससीला एक धाव करू दिली नाही. मिनेसोटा सात, हे शून्य. शेवटच्या इनिंगमध्ये यूएससीनं आठ धावा केल्या आणि सामना खिशात घातला. ‘आठ गं, आठ!’ म्हणून काकू अजून बोटं दाखवतात.

हे सगळं वैभव ज्या गटाचं होतं तो पॅक-१२. अॅरिझोना, अॅरिझोना स्टेट, स्टॅनफर्ड, यूसीएलए, ओरेगन स्टेट, सगळे तिथले. आणि २०२४ च्या उन्हाळ्यात तो गट फुटला. फुटला तो बेसबॉलमुळे नाही, फुटबॉलच्या टीव्ही हक्कांच्या पैशांमुळे. यूएससी, यूसीएलए, ओरेगन आणि वॉशिंग्टन गेले बिग टेनमध्ये. अॅरिझोनाची दोन्ही विद्यापीठं बिग ट्वेल्व्हमध्ये. स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया गेले एसीसीमध्ये, म्हणजे अटलांटिक किनाऱ्याच्या गटात. पॅसिफिकच्या काठावर बसून अटलांटिकचे सदस्य! मागे राहिली दोनच, वॉशिंग्टन स्टेट आणि काकूंची ओरेगन स्टेट. बेसबॉलपुरतं बोलायचं तर ओरेगन स्टेट २०२५ मध्ये कुठल्याच गटात नव्हती. एकटी. वेळापत्रक स्वतः जुळवायचं, जो बोलावेल त्याच्या गावी बॅगा उचलून जायचं. तरीही पोरं ओमाहाला पोचली. तिथे एक जिंकली, दोन हरली, पण पोचली. काकूंनी त्या दिवशी मजल्यावर सगळ्यांना शिरा वाटला. वहिनींच्या दारात वाटी ठेवून बेल वाजवली आणि आत पळाल्या.

आता येऊ या सव्वीसवर. वहिनींची कॉन्फरन्स म्हणजे साउथईस्टर्न, तिकडे एसईसी म्हणतात. आजचा सर्वांत तगडा गट तोच, यात वाद नाही. गंमत अशी की १९९० मध्ये जॉर्जिया जिंकेपर्यंत या गटाला बेसबॉलचं एकही राष्ट्रीय विजेतेपद नव्हतं. पुढच्याच वर्षी लुइझियाना स्टेट, एलएसयू, जिंकली आणि बांध फुटला. स्किप बर्टमन नावाच्या प्रशिक्षकानं दहा वर्षांत पाच विजेतेपदं घेतली. शिवाय कॉलेजच्या सामन्याला तिकीट काढून हजारोंनी लोक यायला लागले, आणि गेटवर पैसा दिसल्यावर शेजारची विद्यापीठं गप्प बसतात होय? त्यांनीही स्टेडियमं बांधली, प्रशिक्षकांचे पगार वाढवले. हवामानाचा हातभार होताच. हंगाम फेब्रुवारीच्या मध्यात सुरू होतो, तेव्हा उत्तरेत मैदानावर बर्फ असतं आणि तिथले संघ पहिले काही आठवडे दक्षिणेत पाहुणे म्हणून खेळत फिरतात. बिग टेनमधल्या संघानं शेवटचं विजेतेपद घेतलं ते १९६६ मध्ये, ओहायो स्टेटनं. त्यानंतर २०२५ पर्यंत एकही नाही.

आणि २०१९ ते २०२५ मध्ये तर एसईसीनं दुसऱ्याला हात लावू दिला नाही. व्हँडरबिल्ट, मग २०२० ला कोविडमुळे स्पर्धाच नाही, मग मिसिसिपी स्टेट, ओल मिस, एलएसयू, टेनेसी आणि २०२५ ला पुन्हा एलएसयू. ओल मिसला २०२२ मध्ये ६४ संघांत अगदी शेवटच्या जागांपैकी एक मिळाली होती, आणि तेच जिंकले! त्या वर्षी समितीनं हात आखडता घेतला असता तर? २०२३ ची अंतिम फेरी तर घरातल्या घरात, एलएसयू आणि फ्लोरिडा. दुसऱ्या सामन्यात फ्लोरिडानं २४-४ असं धुतलं, तिसऱ्यात एलएसयूनं १८-४ अशी परतफेड केली. त्या एलएसयूचा पिचर पॉल स्कीन्स आदल्या वर्षापर्यंत एअर फोर्स अकादमीत होता. आता तिकडे खेळाडूलाही सहज विद्यापीठ बदलता येतं. तो आणि त्याचाच सहकारी डिलन क्रूझ, व्यावसायिक निवडीत पहिला आणि दुसरा क्रमांक. एकाच कॉलेजचे दोघं असे कधीच आले नव्हते.

तर १९९० ते २०२५ या काळात एसईसीचे सदस्य असताना त्या संघांनी जिंकलेली विजेतेपदं मोजली तर ती होतात सतरा. त्यातली आठ एकट्या एलएसयूची. मग सव्वीस कुठून आली? टेक्सासची सहा, ओक्लाहोमाची दोन आणि मिसूरीचं एक. मिसूरी या गटात आलं २०१२ मध्ये, आणि त्यांचं विजेतेपद १९५४ चं. टेक्सास आणि ओक्लाहोमा आले २०२४ च्या जुलैत. टेक्सासची विजेतेपदं १९४९, १९५०, १९७५, १९८३, २००२ आणि २००५ ची. पहिली चार साउथवेस्ट कॉन्फरन्समधली, जी १९९६ मध्ये बंदही पडली. म्हणजे सुनेनं माहेरून आणलेले दागिने सासूबाईंनी ‘आमच्या घराण्याचे’ म्हणून पाहुण्यांना दाखवायचे, तसलाच प्रकार. काकूंनी वहिनींना नेमकं हेच सुनावलं, आणि वहिनींच्या सासूबाई तेव्हा आतल्या खोलीत होत्या. भांडणाची खरी मेख इथे आहे, असं माझं मत.

पण काकूही काही कमी नाहीत हं. पॅक-१२ ची एकूण २९ म्हणून त्या इतकी वर्षं सांगत होत्या. वहिनींनी रात्री बसून शोधून काढलं की अॅरिझोना स्टेटची १९६५, १९६७, १९६९ आणि १९७७ ची चार विजेतेपदं त्या गटात येण्याआधीची आहेत. अॅरिझोनाचं १९७६ चंही तसंच. ही दोघं पॅसिफिकवाल्यांत आली १९७८ मध्ये. म्हणजे पाच गेली, उरली चोवीस. वहिनींनी ती यादी छापून काकूंच्या दाराखालून सरकवली. एक शब्द न बोलता. मी पाहिलं ना, मी कुंड्यांना पाणी घालत होते.

सगळ्यांत हसू येतं ते बिग टेनचं. वर्षानुवर्षं खेळून सहा विजेतेपदं. मिनेसोटाची तीन, मिशिगनची दोन, ओहायो स्टेटचं एक. २०२४ मध्ये यूएससी बारा घेऊन आली, यूसीएलए एक घेऊन आली. एका रात्रीत सहाची एकोणीस! एक चेंडू टाकला नाही की एक धाव काढली नाही.

आणि कोस्टल कॅरोलिनाची गोष्ट ऐकलीत तर या हिशेबावरचा विश्वासच उडेल. २०१६ मध्ये हा छोटा संघ अंतिम फेरीत अॅरिझोनासमोर होता. १ जुलैपासून त्यांची कॉन्फरन्स बदलणार हे आधीच ठरलेलं, बिग साउथमधून सन बेल्टमध्ये. निर्णायक सामना व्हायचा होता २९ जूनला. हवा बिघडली, सामना पुढे गेला ३० जूनवर. त्या दिवशी कोस्टल ४-३ नं जिंकली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सन बेल्टची सदस्य. आभाळ आणखी एक दिवस भरलेलं राहिलं असतं तर? विजेतेपद बिग साउथचं की सन बेल्टचं हे पावसानं ठरवलं असतं. खेळणारी पोरं तीच, प्रशिक्षक तोच.

काकांनी यात तोंड घातलं, ते वेगळंच. काका दादरचे. म्हणाले, ‘आमच्या रोहिंटन बारियात असली भानगड नव्हती. मुंबई विद्यापीठ म्हणजे मुंबई विद्यापीठ. वाडेकर खेळले, गावसकर खेळले, सगळ्यांत जास्त वेळा करंडक आमचा.’ बरोबरच आहे. १९३५ पासूनची आंतरविद्यापीठ क्रिकेट स्पर्धा ती, आणि कॉलेजच्या मैदानातून थेट कसोटीत जायची वाट तिथूनच होती. पण वहिनी पुण्याच्या. त्या दाराआडूनच म्हणाल्या, ‘पुणे विद्यापीठ झालं १९४९ मध्ये. त्याआधी फर्ग्युसनसुद्धा मुंबई विद्यापीठातच होतं. तेव्हाचे करंडक कुणाचे धरता?’ काका पेपर घेऊन आत गेले. त्या दिवसापासून दोन्ही घरांत मिळून तीन पक्ष झालेत.

मधल्या मधे माझं एक सांगते, कारण तुमच्या धाकट्याला सॉफ्टबॉलवरून डीएसएनं, म्हणजे थेट प्रवेशानं, शाळेत घालायचं चाललंय ना? तुमच्या घरी कोणीतरी म्हणालंय की पुढे अमेरिकेत खेळावर शिकेल, फुकट. एवढं सोपं नाही ते. २०२५ पर्यंत तिथल्या वरच्या श्रेणीतल्या बेसबॉल संघाला मिळून ११.७ शिष्यवृत्त्या वाटता यायच्या, संपूर्ण संघाला! त्या अनेक जणांत तुकडे करून वाटायच्या. कोणाला अर्धी, कोणाला पाव. २०२५-२६ च्या हंगामापासून ती मर्यादा काढलीय आणि त्याऐवजी संघात ३४ च खेळाडू ठेवायचे असं ठरलंय. म्हणजे देणारा पूर्ण देऊ शकतो, पण जागा कमी. त्यात मुलगा पीआर, त्याची दोन वर्षं नॅशनल सर्व्हिसमध्ये जाणार. खेळू दे, अभ्यासाकडेही बघू दे, एवढंच म्हणते.

हां, तर २०२५ च्या स्पर्धेत काय झालं ते राहिलंच. एसईसीचे तेरा संघ राष्ट्रीय स्पर्धेत घेतले, चौसष्टमधले तेरा, हा विक्रम. वहिनींची मान काय ताठ! टेक्सासला देशात दुसरं मानांकन. पहिलं व्हँडरबिल्टला, तेही एसईसीचेच. आणि पहिल्याच टप्प्यात, स्वतःच्या मैदानावर, दोघंही बाद. व्हँडरबिल्टला ओहायोच्या राइट स्टेटनं घरी बसवलं. टेक्सासला कोणी हरवलं माहितीये? सॅन अँटोनियोच्या यूटीएसएनं. त्यांच्याच विद्यापीठ समूहातली धाकटी शाखा ती! तेरापैकी ओमाहाला पोचले दोन, आर्कान्सॉ आणि एलएसयू. आणि ज्यांना गटच नव्हता ते काकूंचे ओरेगन स्टेटवालेही तिथेच. काकूंनी शिरा का वाटला ते कळलं ना आता?

अंतिम फेरीत पुन्हा तीच कोस्टल कॅरोलिना, समोर एलएसयू. पहिला सामना आपल्या रविवारी सकाळी. एलएसयूच्या केड अँडरसननं सबंध सामना एकट्यानं टाकला, १-० नं जिंकले. दुसरा आपल्याकडे मध्यरात्र उलटल्यावर होता. वहिनींच्या खिडकीत दिवा, काकूंच्या खिडकीत दिवा. दोघी जाग्या, दोघींचे संघ कधीच घरी गेलेले. ५-३ नं एलएसयू जिंकली, आठवं विजेतेपद. सकाळी वहिनींनी दारावर कागद लावला, ‘एसईसी, सलग सहा’. हे मात्र खरं आहे. त्या सहाच्या सहा वेळी जिंकणारा संघ त्या दिवशी एसईसीचाच सदस्य होता. काकूंनी कागद वाचला आणि खाली पेन्सिलीनं लिहिलं, ‘बरोबर. एकूण सतरा.’

माझं मत विचाराल तर काकूंचं खरं. विजेतेपद जिंकणाऱ्या विद्यापीठाचं, आणि गटाला द्यायचंच असेल तर त्या दिवशी ज्या गटात होतं त्याचं. ओरेगन स्टेटची २००६, २००७ आणि २०१८ ची तिन्ही पॅकचीच, आज पॅक असो नसो. टेक्सासची सहाही टेक्सासची, एसईसीची त्यात शून्य. वहिनींना हे पटलंय, त्यांच्या सासूबाईंना पटलेलं नाही. शनिवारी मंडळाच्या कार्यक्रमाला सगळ्या एकाच टॅक्सीनं जायचं आहे. तुम्ही मधल्या सीटवर बसा, आणि कोणी ‘आमची सव्वीस’ म्हणालं तर एवढंच विचारा, कोणत्या वर्षी?